मनगट मोडल्यानंतरचा टायर : ठाण्याच्या हिवाळ्यात ४७-६२२

गेल्या हिवाळ्यापासून मी माझ्या हायब्रिड सायकलला ४७-६२२ या मापाचे, पंक्चररोधक थर असलेले टायर वापरतो आहे. सायकल रोजच्या कामाची आहे. सकाळी कासारवडवलीहून निघून घोडबंदर रस्त्याच्या कडेकडेने मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा करत नौपाड्यातील कार्यालय गाठायचे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतायचे, एवढाच तिचा उद्योग. रविवारी घड्याळ लावून येऊरचा चढ चढणाऱ्या मंडळींना या परीक्षणातून फारसे काही मिळणार नाही. ज्यांना कपडे न मळवता वेळेवर कामावर पोहोचायचे आहे, आणि त्यातही ज्यांचे एखादे हाड मोडून जुळलेले आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

मापाचा अर्थ आधी सांगितलेला बरा, कारण दुकानात घोळ होतो तो तिथेच. टायरच्या बाजूला उठावाच्या अक्षरांत जी दोन आकड्यांची जोडी असते, तिच्यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा आकडा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास सांगतो. ६२२ हा एकच व्यास बाजारात ७००सी, हायब्रिडचा २८ इंची आणि माउंटन बाइकचा २९ इंची अशा तीन नावांनी विकला जातो. उलट, आडव्या दांडीच्या ज्या काळ्या सायकली दूधवाल्यांकडे अजून दिसतात, त्यांचा २८ इंची टायर ६३५ मिलिमीटरचा असतो आणि तो हायब्रिडच्या रिमवर कधीच नीट बसणार नाही. त्यामुळे दुकानात गेल्यावर इंचांत न बोलता ही जोडी कागदावर लिहून द्यावी. हायब्रिड सायकली साधारणपणे ३५ ते ३८ मिलिमीटर रुंदीच्या टायरसह विकल्या जातात. माझ्या सायकलला मुळात ३५ चे होते.

जाड थराच्या टायरांपैकी सर्वांत परिचित नमुना म्हणजे जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस. त्याच्या चालीखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या आत, ५ मिलिमीटर जाडीचा लवचीक रबराचा पट्टा असतो. इतर कंपन्याही आपापल्या पद्धतीने असा थर देतात. कोणी रबराचा, कोणी विणलेल्या धाग्याचा. मी घेतलेली जोडी याच जातीची आहे. ती कोणत्या कंपनीची, याला मी महत्त्व देत नाही, कारण मला जो फरक जाणवला त्याचा मोठा वाटा रुंदीचा आणि हवेच्या दाबाचा आहे, थराचा वाटा त्यानंतर येतो, आणि कंपनीच्या नावाचा सर्वांत शेवटी.

ठाण्याचा हिवाळा काही कडाक्याचा नसतो. पहाटेचा पारा सतरा-अठरा अंशांवर आला की आपल्याकडे स्वेटर बाहेर निघतात. तरीही सायकलस्वाराला तो पावसाळ्यापेक्षा जास्त फसवतो, असे माझे मत झाले आहे. पावसाळ्यात सगळेच बिचकत चालवतात. दिवाळी झाली की रस्ता कोरडा होतो, वाहनांचा वेग वाढतो, पण पावसाने आणि खोदकामाने केलेली नासधूस बरीचशी जागेवरच असते. ऐन पावसात पेव्हर ब्लॉक टाकून बुजवलेले खड्डे एव्हाना खचलेले असतात आणि ब्लॉकच्या कडा वर आलेल्या असतात. वाहिन्यांसाठी खणलेले चर भरून काढल्यावर दबतात आणि रस्त्याच्या लांबीला समांतर अशी एक घळ तयार होते. घोडबंदर रस्त्यावर वडाळा-कासारवडवली या मेट्रो ४ चे काम आणि सेवा रस्ते मुख्य रस्त्याला जोडण्याचे काम, ही दोन्ही चालत आल्यामुळे काँक्रीट कुठे संपते आणि डांबर कुठे सुरू होते याचा भरवसा राहिलेला नाही. जिथे ती दोन एकमेकांना भेटतात तिथे बोटभर ते दोन बोटे उंचीची पायरी असते, आणि ती बहुधा आपल्या प्रवासाच्या दिशेलाच धावत असते.

त्यात उजेडाची अडचण. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि नोव्हेंबरअखेरीस संध्याकाळी सहालाच मावळतो, त्यामुळे नोकरदार माणसाचा निदान एक तरी फेरा संधिप्रकाशात किंवा अंधारात होतो. सकाळी माजिवड्याकडे येताना ऊन डावीकडून तिरके पडते, उंच इमारतींच्या लांबच लांब सावल्या रस्त्यावर आडव्या पसरतात, आणि लख्ख उन्हातून त्या सावलीत शिरताना डोळे सरावेपर्यंत समोरचा खड्डा दिसत नाही. हिवाळी हवेत धूळ आणि धूर जमिनीलगत अडकून राहतात. वरचा हवेचा थर खालच्यापेक्षा उबदार झाला की खालची हवा वर जाऊ शकत नाही. या धुरक्यात जेएनपीटी बंदराकडून गुजरातच्या दिशेने जाणारे कंटेनर ट्रक शेजारून जात असताना पायरी चुकवायला उजवीकडे सरकण्याची मुभा नसते. पायरीवरून जायचे तर जायचेच.

माझे डावे मनगट मोडले ते गणपतीच्या सुमारास, अशाच एका पायरीवर. सायकल तोल सांभाळते ती हँडलमुळे. आपण ज्या बाजूला कलतो त्या बाजूला पुढचे चाक नकळत वळते आणि आपल्या खाली येते. अरुंद, कडक फुगवलेला टायर पायरीला अगदी कमी कोनात चिकटला की चाकाला त्या बाजूला सरकता येत नाही, ते कडेला घासत सरळच धावते, आणि तोल सावरण्याचा एकमेव मार्ग बंद होतो. वेग अगदी कमी असला तरी माणूस आडवा होतो. पडताना हात पुढे जातो आणि सगळा भार तळव्यावर येतो. मनगटाजवळ रेडियस हे हाड मोडण्याची ही सर्वांत नेहमीची पद्धत असल्याचे अस्थिरोगतज्ज्ञांनी नंतर समजावून सांगितले. त्यांच्याकडून कळलेली आणखी एक गोष्ट प्रत्येक सायकलस्वाराला ठाऊक असावी. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला, अंगठा ताणल्यावर जी खळगी पडते तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले असू शकते. ही मोड पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा लागतो. ‘मुरगळला असेल’ म्हणून हळद लावून बसण्याने हे हाड जुळायचे राहून जाते, कारण त्याला रक्तपुरवठाच बेताचा असतो.

सहा आठवड्यांचे प्लास्टर निघाले तेव्हा हाड जुळले होते, पण हात माझा वाटत नव्हता. फिजिओथेरपिस्टने चेंडू दाबणे, ओला टॉवेल पिळणे आणि लाटणे एका टोकाला धरून तळवा वर-खाली फिरवणे असे व्यायाम नेमून दिले. तळवा पूर्ण वर फिरवता येणे ही त्यांतली सर्वांत चिवट पायरी निघाली. सायकलवर बसण्याची परवानगी डिसेंबरात मिळाली, तीही एका अटीवर : उभ्या सायकलवर बसून दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीने, न दुखता, पुन्हा पुन्हा दाबता आले पाहिजेत. माझ्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे, त्यामुळे डावीकडच्या मागच्या ब्रेकने थोडी सवलत दिली. सायकल दुरुस्त झाली म्हणून माणूस तयार झाला असे नसते, आणि ब्रेकची ही कसोटी घरच्या घरी करून पाहण्यासारखी आहे.

खरी कुरकुर सुरू झाली ती चालवायला लागल्यावर. गतिरोधकाआधीच्या रंबलर पट्ट्यांवरून जाताना प्रत्येक पट्टी मनगटात मोजता येत असे, आणि घरी पोहोचेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असे. तळव्याच्या करंगळीकडच्या भागातून जाणारी अल्नर नस हँडलवर दाबली गेली की असे होते. निरोगी सायकलस्वारांनाही लांब पल्ल्यावर हा त्रास होतो. त्यावर तीन उपाय सुचवले गेले. हँडल थोडे उंच करणे, तळव्याला रुंद टेकू देणारी पकड बसवणे आणि रस्त्याकडून येणारा हादरा मुळातच कमी करणे. पहिले दोन स्वस्त होते, ते लगेच केले आणि त्यांनी बरे वाटले. पण हातात फरक पडला असे मी निःशंकपणे म्हणू शकेन, तो तिसऱ्या उपायाने, म्हणजे ३५ चे टायर काढून ४७ चे बसवल्यानंतर.

याचे कारण दाबात आहे. टायर जमिनीवर जेवढी जागा व्यापतो ती ढोबळमानाने भार भागिले दाब इतकी असते. अरुंद टायरात दाब कमी ठेवला तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि कड यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. सापाने चावल्यासारखी ती जोडी पंक्चर काढणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची असते. म्हणून अरुंद टायर कडक फुगवावा लागतो आणि रस्त्यावरची प्रत्येक खडी हातापर्यंत पोहोचते. रुंद टायरात हवेचे आकारमान जास्त असल्याने तोच भार कमी दाबावर पेलतो. माझे वजन मध्यम आहे. ३५ च्या टायरात मी दाब ७० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास ठेवत असे, आता मागे ५० आणि पुढे त्याहून थोडा कमी ठेवतो. किमान आणि कमाल मर्यादा टायरच्या बाजूला छापलेली असते, तिच्या आतच राहावे.

हिवाळ्यात हवा कधी भरायची यालाही महत्त्व आहे. दुपारी बत्तीस अंशांत ५० पीएसआय भरलेला टायर पहाटे सतरा अंशांत आपोआप तीनेक पीएसआयने उतरतो, आणि बुटाइल रबराच्या चांगल्या ट्यूबमधूनही हवा आठवडाभर थोडी थोडी झिरपत असतेच. त्यामुळे मी रविवारी सकाळी, टायर गार असताना, घरातल्या उभ्या पंपाने भरतो. पंपाला दाबमापक हवाच. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याची पद्धत जाड थराच्या टायरावर चालत नाही, कारण तो अर्धवट रिकामा असतानाही बोटाला टणक लागतो.

आता पायऱ्यांविषयी. ४७ चा टायर त्या नाहीशा करत नाही. पण त्याची रुंद, थोडी मऊ बाजू कडेवर दबते आणि चढते, जिथे अरुंद टायर घासत राहिला असता. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या आणि गटाराच्या जाळीतल्या ज्या फटींत ३५ चा टायर डुगडुगत असे, त्यांच्यावरून हा सरळ निघून जातो. उड्डाणपुलांच्या सांध्यांवर तर फरक पहिल्याच दिवशी कळला. तरीही पायरी शक्य तितक्या काटकोनात ओलांडायची आणि त्याआधी मागे वळून पाहायचे, हा नियम टायर बदलला म्हणून सुटत नाही.

काही गोष्टी या टायराच्या आवाक्याबाहेर आहेत आणि विक्रेते त्या सांगत नाहीत. काँक्रीटवर पसरलेल्या बारीक खडीवर कोणताही टायर धरत नाही, कारण टायर खडीला धरतो पण खडी काँक्रीटला धरत नाही. तिथे वेग आधीच कमी करून ब्रेक आणि हँडल दोन्ही न हलवता सरळ जाणे एवढेच हातात असते. खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटवर पहाटे दव बसते. ते पाण्यासारखे दिसत नाही, फक्त प्लेटचा रंग थोडा गडद वाटतो, आणि त्यावर चाक बाजूला सरकते. टँकरमधून सांडलेले पाणी आणि झेब्रा पट्ट्यांचा रंग यांचा एकत्र परिणामही तसाच. टायरच्या नक्षीने यात काही फरक पडतो असा समज आहे, तो चुकीचा आहे. पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो, आणि ५० पीएसआयला तो ताशी १०० किलोमीटरच्या बराच वर जातो. तिथपर्यंत सायकल पोहोचत नाही. डांबरावर पकड देते ते रबर आणि त्याचा जमिनीशी झालेला संपर्क. खोल नक्षी चिखलात उपयोगी पडते, आणि घोडबंदर रस्त्यावर निदान हिवाळ्यात तरी चिखल नसतो.

पंक्चररोधक थराबद्दल मात्र मी मनापासून समाधानी आहे. आपल्या रस्त्यांवर ट्यूबचा सर्वांत मोठा शत्रू खिळा नाही. फुटलेल्या ट्रक-टायरांमधून बाहेर पडणारे केसासारखे बारीक पोलादी तारेचे तुकडे आणि बांधकामावरची बाइंडिंग वायर, ही दोन्ही साध्या टायरात हळूहळू रुतत जातात आणि पंक्चर काढल्यावरही आतच राहून दुसऱ्या दिवशी पुन्हा भोक पाडतात. मी महिन्याकाठी चाक उलटे करून, विजेरी लावून चाल तपासतो. मागच्या वेळी चिमट्याने एक तारेचा तुकडा उपसला, तो नखाएवढा लांब होता आणि टोकाशी गंजून तांबूस झाला होता. थरात शिरला होता, पण ट्यूबपर्यंत पोहोचला नव्हता. काचेचे कण तर वरच्या रबरातच अडकलेले सापडतात. टायरच्या बाजूच्या भिंतींना मात्र हे संरक्षण नसते, हे लक्षात ठेवावे. त्या भिंतींवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी आहे. अंधारात चौक ओलांडताना बाजूने येणाऱ्या वाहनाला दोन फिरती वर्तुळे दिसतात. तिने दिव्यांचे काम भागत नाही, पण मागचा लाल दिवा ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ती आहे.

या सगळ्याची किंमत वजनात मोजावी लागते. टायर साध्या टायरापेक्षा बराच जड आहे आणि सिग्नलवरून निघताना ते पायांना कळते. कापूरबावडीच्या गर्दीत थांबत-निघत जाताना तर विशेषच. एकदा वेग धरला की फारसे जाणवत नाही. मला कार्यालयात पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो आणि त्याची मला खंत नाही, पण ज्यांना आहे त्यांनी पातळ थराचा, ४० च्या आसपासचा टायर पाहावा.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. जाड थरामुळे हा टायर रिमवर चढवणे अवघड जाते. माझी जोडी वसंत विहार भागातल्या ज्या दुकानात बसवली, तिथला तरुण कारागीर पहिल्या झटापटीनंतर म्हणाला, “काका, हा वाटेत बसला तर तुम्ही हात लावू नका, आम्हाला फोन करा.” मग त्याने टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावले, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरुवात करून कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आणली आणि शेवट व्हॉल्व्हपाशी केला, तेव्हा लिव्हर, म्हणजे टायर चढवायच्या पट्ट्या, फारसे न वापरता तो रिमवर बसला. पद्धत शिकण्यासारखी आहे, पण जुळलेल्या मनगटाने ती मला रस्त्याच्या कडेला जमणार नाही हेही तेवढेच खरे. पंक्चर क्वचित होते, म्हणून हा सौदा मला परवडतो. एकटे लांब जाणाऱ्याने आधी घरी सराव करावा.

घेण्यापूर्वी सायकल मोजून घ्यावी. फ्रेमच्या आणि फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, दोन्ही बाजूंना फुगवलेल्या टायरापासून निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी. ती नसेल तर चाक किंचित वाकडे झाले तरी घासू लागते. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे ब्रेकची अडचण आली नाही. रिम ब्रेकच्या काही सायकलींत टायर ब्रेकच्या जबड्यातून जातच नाही. माझे जुने मडगार्ड मात्र काढावे लागले आणि रुंद मडगार्ड नव्याने घ्यावे लागले, हा खर्च हिशेबात धरला नव्हता तरी धरावा लागतो. रिमची आतली रुंदी १९ मिलिमीटर असल्याने ४७ चा टायर तिच्यावर व्यवस्थित बसतो. ट्यूबही ४७ पर्यंत चालणारी मागून घ्यावी आणि शक्य असेल तर मोटारीच्या पद्धतीच्या व्हॉल्व्हची घ्यावी. बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावर किंवा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरून मिळत नाही.

जोडीची किंमत साध्या देशी टायरांच्या कित्येक पट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. एकदम दोन घेणे जड जात असेल तर दुकानदार मागच्या चाकाचा घ्या म्हणतात, कारण मागचा टायर लवकर झिजतो आणि पंक्चरही तिथेच जास्त होतात. हिशेब त्यांच्या बाजूने बरोबर आहे. पण मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सायकल शेपूट हलवून सावरते, पुढचे चाक अडकले तर माणूस हातावर पडतो. हाड एकदा मोडलेले असेल तर पहिला टायर पुढे घालावा आणि मागचा पुढच्या पगारात.